वाढत्या अंगाची स्नोमोबाइल

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना ‘वाढत्या अंगाचा शिवा’ असं शिंप्याला बजावायची आपल्याकडे रीत आहे. शिवणीत दोन बोटं माया ठेवली की तोच गणवेश पुढची दोन वर्षं पुरतो. मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टॅरिओ अशा बर्फाळ मुलखात स्थायिक झालेल्या आणि गॅरेजमध्ये स्वतः पाना हाती धरणाऱ्या मराठी आईबाबांसाठी हा लेख आहे. मुलासाठी छोटी स्नोमोबाइल बांधताना किंवा जुनी घेऊन सुधारताना अशी माया कुठे ठेवायची आणि कुठे अजिबात ठेवायची नाही, ते यात सांगायचं आहे.

पाच ते दहा या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं आणि वजनात दोन-तीन किलोंची भर पडते. सहाव्या वर्षी सुमारे ११५ सेंटीमीटर असलेलं मूल दहाव्या वर्षी १३८च्या आसपास जातं. कारखान्यातून येणारी १२० सीसी वर्गातली बाळ-स्नोमोबाइल एकाच मापाची असते. पहिल्या हिवाळ्यात ती मोठी वाटते, दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात अंगासरशी बसते आणि मग गुडघे हँडलला लागू लागतात. अशा वेळी बहुतेक पालक एकदम दोन गोष्टी करतात. गाडी मोठी करतात आणि तिच्याबरोबर इंजिनही. माझं सगळं सांगणं याच मुद्द्यावर आहे. गाडीची मापं मुलाच्या उंचीप्रमाणे बदलावीत, वेग मात्र त्याच्या हाताच्या तयारीप्रमाणे. या दोन्हींची गाठ एकत्र मारू नये. उंच मुलाला चालवणं लवकर येतंच असं नाही, आणि हात तयार असलेलं मूल अंगानं लहान असू शकतं.

बांधायला घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, सोळा वर्षांखालच्या मुलांनी स्नोमोबाइल चालवू नये असं सांगते. सहा वर्षांखालच्या मुलाला मागे बसवूनही नेऊ नये, असाही तिचा सल्ला आहे. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणंही असंच आहे. हे सल्ले अपघातग्रस्त मुलं पाहिलेल्या डॉक्टरांनी दिलेले आहेत, ते हलक्यात घेऊ नयेत. तुमचं मन त्यांच्या बाजूनं झुकत असेल तर गाडी बांधूच नका. गॅरेजमध्ये मुलाबरोबर घसरगाडी बांधणं हाही उत्तम उद्योग आहे. उत्तरेकडच्या गावांमध्ये मात्र शेजारच्या, मित्राच्या, नातेवाइकांच्या शेतावर मुलं या गाड्यांवर बसतातच, आणि बऱ्याचदा मोठ्यांच्या गाडीवर बसतात. ती दोनशे किलोंहून जड असते आणि तिचा वेग मुलाच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यापेक्षा मापाची, संथ, सहज बंद होणारी गाडी बरी, अशा विचारानं जे हे काम हाती घेतात त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहितो आहे. जागा खासगी, सपाट, झाडं-कुंपणांपासून मोकळी असावी आणि एक मोठं माणूस पूर्ण वेळ तिथंच उभं असावं, हे दोन्ही पुढच्या प्रत्येक वाक्यात गृहीत धरलं आहे. गोठलेलं तळं या जागेत मोडत नाही. मोठ्या स्नोमोबाइलसाठी पाच ते सात इंच स्वच्छ बर्फ पुरतो असं मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं, पण तळ्यावरची जाडी हातभर अंतरावरही बदलते.

कशापासून सुरुवात करावी

पहिलीच गाडी असेल तर कोऱ्या नळ्यांपासून सुरू करू नका. जुनी बाळ-गाडी घ्या. आर्क्टिक कॅटनं १९७२ साली ‘किटी कॅट’ आणली. तिचं ६० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि केंद्रोत्सारी क्लच ही रचना इतकी साधी आहे की पन्नास वर्षांनंतरही लोक तिच्यावर काम करतात. पोलारिस, आर्क्टिक कॅट, यामाहा आणि स्की-डू यांच्या १२० वर्गातल्या गाड्यांत फोर-स्ट्रोक इंजिन असतं आणि त्या वेग बांधूनच बाजारात आल्या. अशी गाडी जुन्या बाजारात मिळाली की ट्रॅक, बोगदा (ट्रॅकवरचा पत्र्याचा पन्हाळा), स्की आणि स्टिअरिंग हे चुकायला सर्वांत सोपे भाग तयार हाती येतात. तुमची कारागिरी लागते ती मापं बदलती करण्यात.

विकत घेताना इंजिन दुय्यम, ते बदलता येतं. आधी बोगद्याच्या पत्र्याला स्टिअरिंगच्या खांबापाशी तडे गेलेत का ते पाहा. ट्रॅक हातानं फिरवून आडव्या काड्या तुटल्यात का ते बघा आणि ट्रॅकच्या आतल्या रुळांखालची प्लास्टिकची पट्टी किती उरली आहे ते तपासा. ही पट्टी बर्फाच्या ओलाव्यावर घसरत राहते. कोरड्या गवतावर किंवा कडक बर्फावर गाडी फिरवली तर पट्टी तापून वितळते. अंगणात बर्फ पातळ असेल तर रुळांना दोन-चार जादा चाकं बसवून घ्यावीत; ती मिळतात आणि बसवायला अवघड नसतात.

जे स्वतः सांगाडा जोडणार आहेत त्यांच्यासाठी इतकंच: गोल नळीपेक्षा चौकोनी नळी जुळवायला सोपी असते. जस्ताचा मुलामा असलेली नळी वेल्ड करू नका, तो धूर विषारी असतो. आणि स्टिअरिंगचा कुठलाही सांधा फक्त वेल्डच्या भरवशावर सोडू नका. तिथे बोल्ट आणि स्वतःहून न सुटणारे नायलॉन नटच हवेत.

अंगाची मापं

कागद-पेन्सिल घ्या आणि मुलाला त्याच्या जाड बुटांत, हिवाळी कपड्यांत, हातमोजे घालून उभं करा. घरातल्या पातळ कपड्यांवर घेतलेलं माप इथे निरुपयोगी आहे. टाचेपासून मांडीच्या सांध्यापर्यंतची उंची, बसल्यावर नितंबापासून गुडघ्यापर्यंतची लांबी, खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात, आणि हातमोज्यातल्या बोटाची पहिली दोन पेरं ही चार मापं पुरतात.

सीट अशी हवी की मूल बसल्या जागेवरून दोन्ही पावलं पायफळीवर सपाट ठेवून, हँडल न ओढता, नुसतं मांड्यांच्या जोरावर उभं राहू शकेल. ही कसोटी सर्वांत मोलाची आहे, कारण खड्डा आला की मुलानं अर्धवट उभं राहूनच तो झेलायचा असतो. सीटचा फोम थरांचा करा. खाली कडक थर कायमचा, वर तीन-तीन सेंटीमीटरचे दोन मऊ थर. पहिल्या वर्षी वरचे दोन्ही थर काढून ठेवायचे आणि रेग्झिनचं कव्हर बकलपट्ट्यांनी ओढून घ्यायचं. पुढच्या हिवाळ्यांत एकेक थर परत येतो. सीटखालच्या पट्टीत लांबट भोकं पाडली की ती मागेही सरकवता येते. सीट मागे सरकली की मुलाचं वजनही मागे जातं आणि स्कींवरचा दाब कमी होऊन गाडी वळायला आळशी होते. म्हणून आधी उंची वाढवावी, मागे सरकवणं नंतर आणि थोडंच.

हँडलबार वाढतो तो ठोकळ्यांनी. खांब आणि हँडल यांच्यामध्ये बसवायचे तयार ठोकळे मिळतात. बसलेलं मूल एका बाजूला पूर्ण वळलं तरी बाहेरचा कोपर किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात ताठ झाला तर हँडल दूर आहे आणि मुठी गुडघ्यांवर आपटल्या तर ते खाली आहे.

हँडल उंच करण्यात एक धोका दडलेला असतो आणि तो बऱ्याच हौशी कारागिरांच्या लक्षात येत नाही. हँडल चार सेंटीमीटर वर गेलं की थ्रॉटलची केबल तेवढीच ताणली जाते. सरळ चालताना सगळं ठीक असतं, पण पूर्ण वळण घेताच बाहेरची वेटोळी खेचली जाऊन मुलानं अंगठा न दाबताही इंजिन रेस होतं. मूल घाबरून हँडल आणखी घट्ट धरतं आणि गाडी वळणावरच पुढे धावते. म्हणून केबल पहिल्या दिवशीच सगळ्यांत उंच मापाला पुरेल अशी घ्या आणि जादा लांबी मोठ्या, सैल वळणानं बांधा. उंची बदलली की प्रत्येक वेळी ट्रॅक जमिनीपासून उचलून, इंजिन सुरू ठेवून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. आवाज कणभर चढला तरी मुलाला बसवायचं नाही. ब्रेकची केबल आणि बंद करायच्या बटणाची वायर यांनाही हेच लागू आहे. ट्रॅक उचललेला असताना मागे कोणीही उभं राहू नये. त्यात अडकलेला बर्फाचा खडा जोरात मागे फेकला जातो.

थ्रॉटलचा अंगठा आणि ब्रेकचा दांडा हा वेगळा विषय. मोठ्यांच्या गाडीचा दांडा बाळाच्या बोटांना पोचतच नाही. सायकलसाठी मिळणारे, पोच जवळ-लांब करायचा स्क्रू असलेले लहान मुलांचे ब्रेक-दांडे बघा. हातमोज्यातल्या दोन बोटांनी दांडा पूर्ण दाबता आला पाहिजे. थ्रॉटलचा स्प्रिंग मात्र इतका हलका करू नका की अंगठा काढल्यावर तो आळसानं परत येईल. तिथे दोन स्प्रिंगा असाव्यात, म्हणजे एक तुटला तरी दुसरा थ्रॉटल मिटवतो.

सस्पेन्शनचा स्प्रिंग वजनाप्रमाणे बदलावा लागतो. वीस किलोच्या मुलाखाली चाळीस किलोंचा स्प्रिंग दबतच नाही आणि मूल प्रत्येक उंचवट्यावर हवेत उडतं. मूल पूर्ण पोशाखात बसल्यावर मागची बाजू तिच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकी खाली बसली की स्प्रिंग जुळला. स्कींमधलं अंतर पहिल्यापासून जितकं रुंद ठेवता येईल तितकं ठेवा. इथे माया सुरुवातीलाच वापरून टाकायची, कारण लहान मूल झुकायला शिकलेलं नसतं आणि अरुंद गाडी वळणावर उलटते.

वेगाचं गणित

आता इंजिन. होंडाच्या जीएक्स १२० सारखं ११८ सीसीचं औद्योगिक इंजिन ३,६०० फेऱ्यांना सुमारे साडेतीन अश्वशक्ती देतं. पन्नास किलोंपर्यंतच्या मुलाला ती पुरून उरते. त्याच्या जागी सहज २०० सीसीचं इंजिन बसवण्याचा मोह होतो, कारण भोकं जवळपास जुळतात. तो मोह टाळा. इंजिनाचा गव्हर्नर तर काढूच नका. या इंजिनांचं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ३,६००च्या आसपासच्या फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. गव्हर्नर काढल्यावर फेऱ्या बेलगाम वाढतात आणि फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे मुलाच्या गुडघ्यांच्या उंचीवर उडतात.

वेग स्प्रॉकेटच्या दातांनी बांधावा. एक उदाहरण करून पाहू. समजा ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाला सात दाते आहेत आणि दोन दात्यांमधलं अंतर २.५२ इंच आहे. मग त्या चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ४५ सेंटीमीटर पुढे जाते. क्लचवर ३५ नंबरच्या चेनचं दहा दात्यांचं स्प्रॉकेट आणि ट्रॅकच्या दांड्यावर ७२ दात्यांचं. गव्हर्नर ३,००० फेऱ्यांवर लावला असेल तर ट्रॅकचा दांडा मिनिटाला सुमारे ४१७ वेळा फिरतो आणि वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. धावणारं मोठं माणूस थोड्या अंतरात गाठेल इतका हा वेग आहे. ७२च्या जागी ६० दात्यांचं चाक लावलं की ताशी साडेतेरा, ४८ दात्यांचं लावलं की जवळपास १७. गव्हर्नर ३,६००वर असेल तर प्रत्येक आकडा एक-पंचमांशानं वाढतो, म्हणून फेऱ्या टॅकोमीटर लावूनच मोजाव्यात, कानानं नाही. आणि तुमच्या गाडीच्या चाकाचे दाते व अंतर स्वतः मोजून हे गणित पुन्हा मांडा.

थ्रॉटलला अडसर घालून वेग कमी करता येतो, मग हा दात्यांचा खटाटोप कशाला? कारण केंद्रोत्सारी क्लच साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पकडतो. थ्रॉटल फार आवळला तर इंजिन त्याच उंबरठ्यावर घुटमळतं, क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो आणि जळतो. मोठ्या स्प्रॉकेटनं मात्र इंजिन मोकळं फिरतं, क्लच पूर्ण पकडतो, ताकद वाढते आणि भुसभुशीत बर्फातही गाडी अडकत नाही. ७२ दात्यांचं चाक सुमारे बावीस सेंटीमीटर व्यासाचं असतं. बोगद्याच्या बाजूला तेवढी जागा आणि तेवढा मोठा चेनगार्ड पहिल्या दिवसापासून ठेवा. इंजिन लांबट भोकांवर बसवा, म्हणजे चाक बदलल्यावर चेनचा ताण जुळवता येतो. ब्रेक क्लचच्या ड्रमवर न लावता ट्रॅकच्याच दांड्यावर लावा. चेन तुटली तर क्लचवरचा ब्रेक काहीच थांबवत नाही.

वेग वाढवायचा कधी? वाढदिवस आला म्हणून नाही. मूल हाक मारताच अंगठा सोडून ब्रेक लावतं, वळण्याआधी वेग कमी करतं, इंजिन स्वतः बंद करून मगच उतरतं, हे सगळं न सांगता घडू लागलं की पुढचं स्प्रॉकेट. त्याच हिवाळ्यात मापं वाढवली असतील तर वेग त्याच दिवशी वाढवू नका. नव्या मापाची अंगाला सवय होऊ द्या.

बॅटरीवर चालणारी मोटर लावणाऱ्यांना वेग बदलणं सोपं जातं, कारण कंट्रोलरमध्येच वेगाची मर्यादा बदलता येते. पण मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते. सुरुवातीचा झटका कंट्रोलरमध्ये मवाळ करून घेतल्याशिवाय मुलाला बसवू नका. लिथियमची बॅटरी गोठणबिंदूखाली असताना चार्ज करू नये, ती घरात आणून कोमट झाल्यावर करावी.

जे झाकायचं आणि जे बंद व्हायचं

आजच्या स्नोमोबाइलचा वारसा ज्याच्याकडे जातो तो क्वेबेकचा जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए. १९२२च्या डिसेंबरअखेर, पंधराव्या वर्षी, त्यानं वडिलांनी दिलेल्या मोडक्या फोर्ड मॉडेल टीचं इंजिन एका घसरगाडीवर चढवलं आणि मागे लाकडी पंखा लावला. गाडी गावातून धावली, पण उघडा पंखा पाहून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली. पुढे १९५९ साली त्याच माणसानं स्की-डू बाजारात आणली. त्या वडिलांची नजर गॅरेजमध्ये बाळगावी. फिरणारा कुठलाही भाग मुलाच्या मफलरला, बुटाच्या नाडीला, बोटाला पोचत असेल तर तो झाकल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मफलर तर घालूच नये. त्याऐवजी डोक्यापासून मानेपर्यंत घट्ट बसणारी टोपी. सायलेन्सरवर जाळी हवी, ट्रॅकमागे बर्फाचा पडदा लांब हवा, आणि पायफळीच्या आतल्या बाजूनं ट्रॅकच्या दिशेला बूट घसरू नये म्हणून उभी पट्टी हवी.

इंजिन बंद करण्याची साधनं तीन असावीत: हँडलवरचं लाल बटण, जाकिटाला अडकवायची दोरी, आणि शक्य असेल तर पालकाच्या हातात रिमोट. बहुतेक छोट्या इंजिनांत हे बटण इग्निशन कॉइलला अर्थ करून ठिणगी बंद पाडतं. म्हणजे वायर तुटली किंवा जोड गंजला तर बटण दाबूनही इंजिन चालूच राहतं, आणि तुटलेली वायर बाहेरून कळत नाही. म्हणून दर वेळी निघण्याआधी तिन्ही साधनं एकेक करून वापरून इंजिन खरोखर बंद पाडून बघावं. ही सवय मुलालाच लावा. त्याला ते खेळासारखं आवडतं.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र आपली मायेची सवय पूर्ण विसरायची. पुढच्या वर्षी पुरेल म्हणून एक माप मोठं घेतलेलं हेल्मेट आपटल्यावर डोक्याभोवती फिरतं. यंदाच्या डोक्याला घट्ट, हलकं, डीओटी किंवा स्नेल प्रमाणित, लहान मुलांसाठीचंच घ्या. मूल मान हलवेल तेव्हा हेल्मेटबरोबर गालांची कातडी हलली पाहिजे. आतली टोपी जाड असेल तर ती घालूनच माप घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला चांगलं असलं तरी टाकून द्या, आणि धाकट्या भावंडाला तर ते मुळीच देऊ नका.

थंडीचाही हिशेब हवा. उणे पंधरा अंशांना ताशी पंधरा किलोमीटरचा वारा तोंडावर आला की अंगाला ते उणे तेवीससारखं लागतं. मूल खेळात असलं की बोटं बधिर झाल्याचं सांगत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हातमोजे काढून तुम्हीच बोटं पाहा. अंगालगत सुती कपडा नको, तो घामानं ओला होऊन गार पडतो.

हंगामाआधी, ऑक्टोबरातच, मुलाची ती चार मापं पुन्हा घ्या आणि एका वहीत तारखेसह लिहा. शेजारी त्या वर्षीची सीटची जाडी, हँडलचे ठोकळे, स्प्रिंगचा ताण आणि स्प्रॉकेटचे दाते. घरात धाकटं मूल असेल तर ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते: त्याची उंची थोरल्याच्या ज्या पानाशी जुळेल तिथून बसण्याची मापं घ्यायची, पण स्प्रॉकेट ७२ दात्यांचंच लावायचं. मापं संपली, सीटचे सगळे थर आणि ठोकळे चढवूनही उभं राहताना गुडघे हँडलला लागू लागले, की ही गाडी त्या मुलासाठी संपली. तोवर बहुधा ते दहा-अकरा वर्षांचं झालेलं असतं. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशांना स्नोमोबाइल चालवण्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. इतर राज्यांचे आणि प्रांतांचे नियम वेगळे असतात, ते आपापल्या ठिकाणी पाहून घ्यावेत. पुढची गाडी विकत घेण्याआधी मुलाचं नाव त्या वर्गात घाला, आणि जमलं तर शेजारच्या बाकावर स्वतःही बसा.